काचेच्या शेगडीची स्वच्छता : घासण्यापेक्षा भिजवणे बरे

सकाळी साडेसातची वेळ. एका बर्नरवर कुकर, दुसऱ्यावर दूध आणि नेमकी दाराची बेल वाजते. परत येईपर्यंत दूध उतू जाऊन काळ्याभोर काचेवर पसरलेले असते आणि बर्नरभोवती त्याचे तपकिरी कडे करपलेले असते. डबे भरायचे असतात, लोकल गाठायची असते. मग हाती लागेल ते ओले फडके तापलेल्या काचेवरून फिरवले जाते. तेवढ्याने डाग निघाला नाही, तर रात्री तारेच्या घासणीने त्याचा समाचार घेतला जातो. तापलेल्या काचेवर थंड पाणी आणि काच ओरबाडणारी घासणी, या दोन गोष्टी टाळल्या तर काचेच्या शेगडीची निम्मी निगा आपोआप राखली जाते.

शहरी महाराष्ट्रातील अनेक ओट्यांवर स्टीलच्या शेगडीची जागा काचेने घेतली, पण शेगडी धुण्याची रीत मात्र स्टीलच्या काळातलीच राहिली. स्टीलची शेगडी राखेने, पावडरीने, काथ्याने, प्रसंगी चाकूच्या टोकाने खरवडली तरी तिचे फारसे बिघडत नसे. काळ्या काचेवर मात्र प्रत्येक चरा उजेडात चमकतो आणि एकदा उठलेला चरा कोणत्याही घरगुती उपायाने जात नाही. अशा चऱ्यांबद्दल घरकामाला येणाऱ्या बाईंना बोल लावला जातो. परंतु भांड्यांसाठी एक आणि शेगडीसाठी एक अशा दोन वेगळ्या घासण्या त्यांच्या हाती दिलेल्या असतात का, हेही पाहायला हवे.

काच स्वच्छ ठेवण्यासाठी महागड्या द्रावणांची गरज नाही. भांड्यांचा साबण, खायचा सोडा, व्हिनेगर किंवा लिंबू, कोमट पाणी आणि दोन मऊ फडकी एवढ्यावर भागते. मात्र कोणती वस्तू कोणत्या डागासाठी हे ठाऊक हवे. आणि त्याच्याही आधी आपल्या ओट्यावरची काच कोणती, हे ठाऊक हवे.

दोन काचा, दोन स्वभाव

गॅसच्या शेगडीवरची काच आणि इंडक्शनच्या किंवा विजेच्या शेगडीवरची काच दिसायला सारख्याच काळ्या आणि गुळगुळीत असतात, पण त्यांचा स्वभाव एक नाही.

गॅसच्या शेगडीला सहसा ‘टफन्ड’ काच बसवलेली असते. साधी काच ६०० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून तिच्यावर हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी गार होऊन घट्ट होतो. आतील भाग नंतर आकसतो आणि पृष्ठभागाला आत ओढून धरतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो आणि काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. मात्र दाबाखालचा हा थर कोठे खोलवर भेदला गेला, तर आत साठलेला ताण एकदम मोकळा होतो आणि पूर्ण काचेचा क्षणात चुरा होतो. मोटारीच्या खिडकीची काच फुटली की तिचे खडीसाखरेसारखे तुकडे होतात, ते याच कारणाने. घासणीचे बारीक ओरखडे इतके खोल जात नाहीत. त्यामुळे एकदा तारेची घासणी फिरली म्हणून शेगडी फुटेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. परंतु कडेचा उडालेला टवका, कढई आपटून पडलेली खोच आणि त्यावर वारंवार बसणारे उष्णतेचे धक्के एकत्र आले, म्हणजे धोका खरा ठरतो.

इंडक्शनच्या आणि विजेच्या सपाट शेगडीची काच बहुधा ‘ग्लास-सिरॅमिक’ या वेगळ्याच पदार्थाची असते. या पदार्थाचा शोध एका चुकीतून लागला. १९५३ साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे संशोधक डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा एक तुकडा ६०० अंशांवर तापवण्यासाठी भट्टीत ठेवला. भट्टीचे नियंत्रण बिघडले आणि तापमान ९०० अंशांपर्यंत गेले. काच वितळून भट्टी खराब झाली असणार, असे समजून त्यांनी दार उघडले, तर तुकडा जसाच्या तसा होता. केवळ दुधासारखा पांढरा झाला होता. बाहेर काढताना तो चिमट्यातून निसटून जमिनीवर पडला आणि तरीही फुटला नाही. काचेच्या आत असंख्य सूक्ष्म स्फटिक तयार झाले होते. याच वाटेने पुढे तापल्यावर जवळजवळ न प्रसरणारा पदार्थ घडवता आला. वस्तू प्रसरण पावत नसेल, तर उष्णतेच्या धक्क्याने ती तडकण्याचेही कारण उरत नाही. अमेरिका-युरोपात राहायला गेलेल्या मराठी घरांची गाठ पडते ती पुष्कळदा या शेगडीशीच. काचेखालचे वेटोळे लालबुंद होते, ज्योत मात्र नसते.

थोडक्यात, ज्योत असेल तर टफन्ड काच, ज्योत नसेल तर बहुधा ग्लास-सिरॅमिक. शंका असल्यास शेगडीबरोबर आलेली पुस्तिका काढून पाहावी; ती टाकून दिली नसेल तर.

आधी गार होऊ द्यावी

गॅसची काच पुसण्याआधी शेगडी बंद करून किमान अर्धा तास जाऊ द्यावा. बर्नरभोवतीची काच सर्वांत जास्त तापते, कडा त्या मानाने गार राहतात. अशा वेळी मध्यावर थंड पाणी पडले, तर शेजारशेजारच्या भागांत ओढाताण सुरू होते. टफन्ड काच हा धक्का साध्या काचेपेक्षा पुष्कळ अधिक सोसते, पण तिलाही मर्यादा आहे आणि जुन्या, टवका उडालेल्या काचेची मर्यादा किती उरली आहे हे बाहेरून कळत नाही. तळहात काचेपासून दोन बोटे अंतरावर धरून ऊब लागत नाही, याची खात्री करावी आणि मगच पाण्याला हात घालावा.

सफाईला बसण्यापूर्वी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा. पाइपचा गॅस असल्यास भिंतीवरील खटका बंद करावा. पुसताना फडक्याच्या धक्क्याने बटण फिरते आणि ज्योतीविना गॅस वाहू लागतो, हे लक्षात यायला वेळ लागतो. इंडक्शनचा प्लग काढून ठेवावा. पाणी काचेवर न ओतता फडक्यावर घ्यावे. गॅसच्या शेगडीत ते बर्नरच्या नळीत उतरते आणि आपोआप पेटणाऱ्या शेगडीची ठिणगी बंद पाडते. इंडक्शनमध्ये ते हवेच्या झरोक्यांतून थेट विजेच्या भागांपर्यंत पोहोचते.

डाग ओळखून औषध

स्वयंपाकघरातील डाग साधारण तीन जातींचे. तेला-तुपाचे, दुधा-डाळीचे आणि पाण्याच्या क्षारांचे. पहिल्या दोघांवर साबण आणि सोडा चालतो, तिसऱ्यावर आंबट पदार्थ. ही विभागणी ध्यानात ठेवली की निम्मे घासणे वाचते.

फोडणीचे शिंतोडे ताजे असताना नुसत्या साबणाच्या पाण्याने जातात. तेच आठ-पंधरा दिवस राहिले की मेणचट होतात आणि बोटाला चिकटू लागतात. हे केवळ धूळ बसल्याने होत नाही. सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या तेलाचा पातळ थर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतो. चित्रकार वापरतात ते जवसाचे तेल ज्या प्रक्रियेने वाळते, तीच ही प्रक्रिया. बर्नरच्या उष्णतेने ती आणखी लवकर घडते. म्हणजे महिनाभर न पुसलेल्या शेगडीवर तेल नसते, तेलाचा रंग बसलेला असतो. रात्री ओटा आवरताना साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याचा एक हात फिरवणे आणि महिन्याकाठी तासभर झटणे, यांत कोणते सोपे हे सांगायला नको.

मेणचट थरासाठी आणि करपलेल्या कड्यासाठी खायचा सोडा सर्वांत उपयोगी. दोन-तीन चमचे सोड्यात थोडे थोडे पाणी घालून भज्यांच्या पिठाइतपत दाट मिश्रण करावे आणि गार काचेवर डागापुरते लिंपावे. जुने फडके कोमट पाण्यात बुडवून, पिळून त्यावर झाकून ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे शेगडीकडे फिरकू नये. फडक्याचे काम मिश्रण वाळू न देण्याचे. वाळलेला सोडा काही करत नाही. त्यानंतर मऊ स्पंजने हलक्या हाताने गोल गोल पुसावे. डाग पूर्ण निघाला नाही, तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा एकदा लिंपावे. सोड्याचे कण काचेपेक्षा पुष्कळ मऊ असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस मापावर काच साडेपाचच्या आसपास आणि सोडा अडीचच्या आसपास येतो. त्यामुळे काचेवर चरा न उठवता करपलेला थर तेवढा सुटतो.

राख आणि रांगोळीचे गणित नेमके याच्या उलट आहे. भाताच्या तुसाची राख बव्हंशी सिलिका असते, म्हणजे वाळूचाच द्रव्यभाग. आणि वाळूतील गारगोटी मोहस मापावर सातवर, काचेच्या वर आहे. आजीच्या हातची पितळी समई रांगोळीने लख्ख होत असे, कारण तेथे धातूचा काळवंडलेला थर घासून काढायचा असे. काचेवर असा थरच नसतो. भांडी घासण्याच्या पावडरींतही दगडाची पूड असते, म्हणून त्याही काचेपासून दूर ठेवाव्यात. मीठ-लिंबाचेही तसेच. तांब्यावरची काळपट पुटे आंबट आणि खारट यांच्या जोडीने विरघळतात, काचेवरच्या करपलेल्या दुधाला त्या जोडीचे सोयरसुतक नाही.

दूध उतू गेले असेल तर आधी व्हिनेगर किंवा लिंबू लावण्याची घाई करू नये. आंबटाने दूध फाटते हे घरोघरी ठाऊक आहे; काचेवरही त्यातील प्रथिने गोठूनच बसतात. तेथे साबणाचे कोमट पाणी आणि मग सोडा, हाच क्रम बरा. डाळीचे पाणी आणि भाताची पेज यांनाही हेच लागू.

व्हिनेगरची खरी जागा पांढऱ्या ठिपक्यांवर. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी काचेवर वाळले की चुन्याचे डाग उरतात. साबणाने ते हलत नाहीत, पण व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडके भिजवून पाच मिनिटे ठेवले की विरघळून जातात. लिंबाची फोड फिरवली तरी तेच होते. फक्त नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे, नाही तर लिंबाच्या रसाचाच चिकटपणा राहतो. सोडा वापरल्यानंतर काचेवर जी पांढरट झाक उरते, तीही व्हिनेगरच्या फडक्याने जाते. शेवटी कोरड्या फडक्याने काच पुसावी. काळ्या काचेवरची चमक या शेवटच्या कोरड्या फडक्याची असते, कोणत्याही द्रावणाची नव्हे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढण्याची सध्या फार चलती आहे. दिसायला ते मोठे परिणामकारक वाटते. प्रत्यक्षात एक अल्कली, दुसरे आम्ल. दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि फेस ओसरला की उरते ते मुख्यत्वे सोडियम ॲसिटेट या क्षाराचे पाणी. बुडबुड्यांनी सुटे कण थोडे वर येतात, एवढाच काय तो लाभ. सोडा आधी, तो पुसून काढल्यावर व्हिनेगर, असे वेगवेगळे वापरले तर दोघांचाही पुरेपूर उपयोग होतो.

हळदीचा डाग काचेवर टिकत नाही, कारण काचेत तो मुरत नाही. साबण किंवा सोडा लावताच पिवळ्याचा तांबडा झालेला दिसला, तरी घाबरू नये. हळदीतील रंगद्रव्य अल्कलीत लाल होते, इतकेच. पुसले की जाते. प्लॅस्टिकच्या बटणांत मात्र हा रंग मुरतो. बटणे सुटी होत असतील, तर धुऊन दोन दिवस उन्हात ठेवावीत. उन्हाने हळद उडते, हे कपड्यांच्या बाबतीत सर्वांना माहीत आहेच.

पाक सांडल्यास

संक्रांतीच्या लाडवांचा पाक, मोरंबा, पुरण यांच्या बाबतीत दोन्ही काचांचे नियम परस्परविरोधी आहेत.

ग्लास-सिरॅमिकवर साखर सांडली तर ती गार होण्याची वाट पाहू नये. वितळलेली साखर काचेला घट्ट धरते आणि गार होताना आकसून काचेचे बारीक कपचे ओढून काढते. अशी पडलेली खळी कायमची. म्हणून शेगडी बंद करून, हातात जाड मोजा घालून, काचेसाठी मिळणाऱ्या पात्याच्या खरवडणीने गरम असतानाच पाक बाजूला ओढून घ्यावा. वितळलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसाठी आणि ॲल्युमिनियमच्या कागदासाठीही हेच करावे. हे पाते काचेशी तिरके, साधारण ३० ते ४५ अंशांत धरायचे असते.

गॅसच्या टफन्ड काचेवर पाते चालवू नये. तेथे पाक खुशाल गार होऊ द्यावा आणि मग कोमट पाण्याने ओले केलेले फडके त्यावर अर्धा तास ठेवावे. साखर पाण्यात विरघळते. ती खरवडण्याची गरजच नाही. चिवट उरलेला भाग बाद झालेल्या प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने लोटला की निघतो.

इंडक्शनवर काळी-करडी रेघ दिसली की ती ओरखडा आहे, असे समजून पुष्कळ जण हताश होतात. भांड्याचा तळ काचेवर ओढला गेल्याने धातूचा लेप बसतो आणि तो चऱ्यासारखाच दिसतो. नखाने चाचपून पाहावे. नख अडत नसेल, तर रेघ धातूची असण्याची शक्यता अधिक. सोड्याचे मिश्रण आणि नंतर व्हिनेगर यांनी ती बहुधा जाते. नख अडले, तर तो चरा आहे आणि टूथपेस्ट लावून तो भरून येणार नाही.

बर्नर आणि इतर सुटे भाग

भांडे ठेवायचे स्टँड, बर्नरखालच्या स्टीलच्या ताटल्या आणि बर्नरच्या टोप्या काढून गरम साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवाव्यात. या ठिकाणी घासणीला मज्जाव नाही. पितळी टोप्यांसाठी पाण्यात लिंबू पिळून वर पोटासाठी घेतात ते फ्रूट सॉल्ट टाकण्याचा उपाय अनेक घरांत केला जातो. फ्रूट सॉल्टमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असते आणि लिंबाने त्यात भर पडते. पितळ उजळते ते या आम्लाने. धुण्याचा सोडा मात्र वापरू नये. तो खायच्या सोड्यापेक्षा पुष्कळ तीव्र असतो आणि ॲल्युमिनियमचे भाग खातो. टोपीची भोके सुईने मोकळी करावीत. काडेपेटीची काडी आत मोडून बसते.

टोप्या पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नयेत आणि बसवल्यावर त्या डगमगत नाहीत, हे पाहावे. ज्योत निळी आणि सारखी आली पाहिजे. पिवळी, काजळी धरणारी किंवा एका अंगाने उसळणारी ज्योत असेल, तर टोपी तिरकी बसली आहे किंवा आत पाणी राहिले आहे. तिरकी ज्योत काचेकडे झुकली, तर एकाच जागी काच तापवत राहते.

जे मुळीच करू नये

कपड्यांचे ब्लीच शेगडीसाठी वापरण्याचे कारणच नाही; पण ते व्हिनेगर किंवा लिंबाबरोबर मिसळणे थेट जीवावर बेतू शकते, कारण त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. संडास धुण्याचे द्रावण आम्लधर्मी असते, त्यालाही हेच लागू. बंद खिडक्यांच्या, उभ्याने वावरण्यापुरत्या स्वयंपाकघरांत हा धोका आणखी वाढतो. खिडक्यांच्या काचा पुसण्याची फवारणी तापलेल्या शेगडीवर किंवा ज्योतीजवळ मारू नये; तिच्यात पेट घेणारे अल्कोहोल असू शकते. ग्लास-सिरॅमिकवर अमोनियायुक्त फवारणी वापरू नये, अशी सूचना अनेक उत्पादकांच्या पुस्तिकांत असते.

काच मळू नये म्हणून तिच्यावर ॲल्युमिनियमचा कागद अंथरण्याची युक्ती अनेकांना सुचते. तो कागद उष्णता परत काचेकडे आणि बर्नरकडे वळवतो. सफाई वाचते आणि काच जाते. दोन बर्नर झाकेल एवढे पसरट पातेले चढवणे किंवा भरताचे वांगे भाजताना निखारे आणि तेल काचेवर गळू देणे, याचाही परिणाम तोच.

पुसताना काचेच्या कडांवरून फडके सावकाश फिरवावे आणि टवका किंवा तडा नाही ना, हे पाहावे. तडा सापडल्यास शेगडी त्याच दिवशी बंद ठेवावी; चिकटपट्टी लावून ‘सणापुरती’ चालवू नये. काच फुटलीच, तर प्रथम रेग्युलेटर बंद करावा, मुलांना बाहेर काढावे आणि तुकडे गार झाल्यावर जाड तळव्याची चप्पल घालून झाडूने गोळा करावेत. उघडे राहिलेले अन्न टाकून द्यावे, कारण हे तुकडे दूरवर उडतात. काच नवीन बसवून मिळते. मात्र ती त्याच शेगडीसाठी बनवलेली टफन्ड काच असावी आणि बसवल्यावर साबणाचे पाणी लावून नळीचे सांधे तपासून घ्यावेत.